वीकुसची हलकी काडतुसं

"दारू जास्त घालू नकोस हं," एल्साबे दारातूनच म्हणाली. "खांदा ठाऊक आहे ना त्याचा?"

"आता तू मला शिकव!" बारेंट टेबलावरून वळलाही नाही. "चाळीस वर्षं काडतुसांच्या पुंगळ्या भरतोय मी. पोराचा खांदा विसरेन होय?"

विसरण्याच्या गोष्टी बारेंटने कराव्यात! सकाळी त्याने एकाच कपात तीनदा साखर घातली होती, आणि चष्मा कपाळावर ठेवून सगळं घर पालथं घातलं होतं. एल्साबे खुर्ची ओढून बसली आणि जुन्या उशीतला सावरीचा कापूस काढून त्याचे बोराएवढे गोळे करू लागली.

जून लागला होता. ओचो गावाच्या बाजूला जून म्हणजे शिकार, आणि या घरात जून म्हणजे वीकुसची काडतुसं. आजोबांची रायफल हत्तीसाठी घडवलेली. नेहमीचं काडतूस घातलं की अशी लाथ मारायची की धडधाकट गडीसुद्धा दोन पावलं मागे जायचा. वीकुसचा खांदा रग्बीत मोडलेला, पण त्याचा हट्ट एकच, मारीन तर आजोबांच्याच रायफलीने. मग बाप त्याच्यासाठी हलकी काडतुसं भरायचा. मोठ्या पुंगळीत दारू निम्म्याहून कमी, वर सावरीचा कापूस, मग गोळी. कुडू हरीणही पडायचं आणि खांदाही शाबूत राहायचा.

यात एकच मेख होती. पुंगळी निम्मी रिकामी, त्यामुळे चुकून दारू दोनदा पडली तरी आत बिनबोभाट मावते. गोळी बसवली की बाहेरून काही कळत नाही. कळतं ते चाप ओढल्यावर. म्हणून घरचा नियम होता, भरायचं एकाने आणि टॉर्च मारून बघायचं दुसऱ्याने. एल्साबेने 'बरोबर' म्हटल्याशिवाय बारेंट गोळी बसवत नसे.

"हं, बघ," म्हणत त्याने दहा पुंगळ्या उभ्या केलेली लाकडी फळी तिच्याकडे सरकवली.

एल्साबेने टॉर्च पेटवला. "बरोबर. बरोबर. बरोबर..." दहा वेळा म्हणून तिने फळी परत सरकवली. त्याने पेन्सिलीने कापूस आत ढकलला, यंत्राचा दांडा दाबून एकेक गोळी बसवली.

"वीकुस कधी येतोय?"

"शुक्रवारी."

"मागेही शुक्रवारच म्हणालीस."

"सुटीच शुक्रवारी मिळते त्याला, मी काय करू? कॉफी गार होतेय, पाव खा."

"हा दुकानचा." त्याने तुकडा उलटसुलट करून पाहिला. "तुझ्या हातचा पाव खाऊन किती दिवस झाले गं?"

"हात दुखतात माझे," ती म्हणाली आणि उठली.

वीकुस येणार नव्हता. चार वर्षांपूर्वी, अशाच जूनमध्ये, गोठ्यामागच्या टेकडीवर ती रायफल त्याच्या तोंडाशी फुटली. बत्तीस वर्षांचं पोर जागच्या जागी गेलं. एका पुंगळीत दारू दोनदा पडली होती. अख्खा मुलूख हळहळला, आणि दफनाला आलेला जो तो हेच कुजबुजला की म्हाताऱ्याचं डोकं तेव्हाच चळलं होतं, त्याच्या हाती हे काम द्यायलाच नको होतं. लोकांचं तोंड कोण धरणार? एल्साबेनेही धरलं नाही. बारेंटने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग हळूहळू तो एकेक विसरत गेला. आधी शेजाऱ्यांची नावं, मग रस्ते, मग मुलगा गेल्याचंही.

तिने दोनदा त्याला खरं सांगून पाहिलं होतं. दोन्ही वेळा तो नव्याने हंबरडा फोडून रडला, जणू निरोप आत्ताच आलाय. त्या रडण्याने तिचं काळीज फाटलं. तेव्हापासून शुक्रवार. वीकुस कसा गेला हे याला पुन्हा कधी आठवू नये, एवढ्यासाठीच ती जगत होती. देवाकडे एकच मागायची, मला याच्या आधी नेऊ नकोस, याला शुक्रवार कोण सांगेल?

दुपारी बारेंट आडवा झाला. एल्साबे दर वर्षीप्रमाणे काडतुसं घेऊन पुन्हा टेबलापाशी आली. ती उलगडून दारू डब्यात परत ओतायची आणि पुंगळ्या खणात टाकायच्या, म्हणजे पुढच्या जूनला त्याला पुन्हा भरता येतील. हातोडीसारख्या अवजारात काडतूस अडकवून तिने ठोका दिला. गोळी सुटली. कापूस निघाला. तिने पुंगळी डब्यावर उपडी केली.

काही पडलं नाही.

तिने पुंगळी आपटून पाहिली. दुसरं काडतूस उलगडलं, तिसरं, चौथं. दहाही उलगडून झाली. टेबलावर कापसाचा ढीग झाला आणि डब्यात दारूचा एक कणही वाढला नाही. तिने टॉर्च घेतला आणि एकेका पुंगळीत नीट डोळा लावून बघितलं. सगळ्या कोऱ्या होत्या.

दारात बारेंट उभा होता. चष्मा नाकावर, जागच्या जागी.

"अरे, तू दारू घातलीच नाहीस," तिने कसंबसं हसून म्हटलं. "विसरलास बघ."

"विसरतो मी बरंच काही, एल्सा." तो जवळ आला. तिच्या हातातला टॉर्च काढून घेऊन त्याने तो विझवला, आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "पोराची ती काडतुसं भरली त्या दिवशी तुझा पाव करपत होता. तेव्हाही तू न बघताच 'बरोबर' म्हणाली होतीस, ना गं?"