शुक्रवारचं उघडं दार

*शुक्रवारी नवख्रिस्ती घरांची दारे सताड उघडी असावीत, म्हणजे आत जुना मुसलमानी धर्म चालतो का ते दिसेल. स्पेनचे राजे फेलिपे यांचा हुकूम.*

म्हणून लुसिया सगळ्या गल्लीदेखत कळा देत होती. ग्रानादाच्या डोंगरावरून उतरलेला बर्फाचा वारा थेट तिच्या बिछान्यापर्यंत येत होता. सासू ब्रियांदा भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात काखेत घालून.

*नवख्रिस्ती सुइणींनी बाळंतपण करू नये. जुन्या ख्रिस्ती घराण्यातली सुईण बोलवावी.*

म्हणून किटेरिया आली होती. या गल्लीतली निम्मी पोरं ब्रियांदाच्या हातांवर जन्मलेली, पण ती हुकमाच्या आधी.

मूल आडवं होतं. किटेरियाचा पंजा रुंद, हाडं जाड. तिने दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी लुसियाचे ओठ पांढरे पडले. किटेरियाने हात पुसून कोरडे केले आणि ब्रियांदाकडे पाहिलं.

"तुमचा हात बारीक आहे. या इकडे."

"मला मनाई आहे."

"ठाऊक आहे. तुमच्यावर नजर ठेवायलाच तर मला पाठवलंय." किटेरिया उठली. "मी जरा गल्लीवर नजर ठेवते."

ती जाऊन उंबऱ्यावर उभी राहिली. घागऱ्याचा घेर चौकटीच्या दोन्ही बाजूंना लागला. दार उघडंच होतं. दारात जाड बाईने उभं राहू नये, असं हुकमात कुठेही नव्हतं.

कोतवालीचा शिपाई हिनेस काठी आपटत आला. आत बाई अडलेली असताना सुईण बाहेर काय करतेय, असं त्याने विचारलं. वारा खातेय, ती म्हणाली. त्याने बाजूला व्हायला सांगितलं, आत बघायचं होतं. ती म्हणाली, बाळंतिणीची खोली म्हणजे बैलांची झुंज नव्हे, आणि तो स्वतः बाप झाला तेव्हा घाबरून कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानात जाऊन बसला होता, तेव्हा कुठे गेली होती ही बघायची हौस?

आतून लुसिया ओरडली. एकच शब्द. दोघांनीही ऐकला.

"अरबीत ओरडली. त्या भाषेलाही बंदी आहे," हिनेस म्हणाला. "काय म्हणाली?"

"आई म्हणाली. तुझ्या बायकोच्या वेळी मीच होते, हिनेस. तिने कोणाला हाक मारली, सांगू? राजाला नाही मारली."

हिनेस पायाखालच्या दगडांकडे बघत राहिला. तिला बाजूला ढकलणं त्याला जड नव्हतं. त्याने ढकललं नाही. पण गेलाही नाही.

मग मूल रडलं. किटेरिया आत धावली आणि तिच्या मागोमाग तोही.

मुलगी होती. आईच्या छातीवर पालथी, निळसर, आणि बघता बघता लाल होणारी. लुसिया श्वास घेत होती. किटेरियाचे हात कोरडे होते. ब्रियांदाचे कोपरापर्यंत रक्ताने माखलेले.

हिनेसने ते पाहिले. त्याने पाहिले हे ब्रियांदाने पाहिलं.

*शुक्रवारी हातपाय धुताना कोणी आढळल्यास तो जुना धर्म पाळतो असे समजावे, व त्याचे नाव कळवावे.*

चुलीजवळ कोमट पाण्याचा चंबू होता, खाली परात. ब्रियांदाने पाण्याकडे पाहिलं, शिपायाकडे पाहिलं, आणि हात अंगापासून लांब धरून जागच्या जागी उभी राहिली. रक्त फरशीवर ठिपकत होतं.

हिनेसने काठी भिंतीला टेकवली. चंबू उचलला.

"पुढे करा, आजी. दोन्ही."

तिने हात परातीवर धरले. तो बारीक धार धरून ओतू लागला. गल्लीतून जाणारी दोन माणसं दारासमोर थांबली आणि आत बघत राहिली. त्याने मान वर केली नाही. तो ओतत राहिला.