सत्तावन्न सेकंद

"सत्तावन्न," रंजिता म्हणाली. "तीनदा केलं मॅडम. तीनदाबी सत्तावन्नच."

मंजुषा मॅडमनी तिच्या हातातली वही ओढून घेतली. परवा बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा, बाहेरचे परीक्षक येणार, आणि ही पोरगी खुशाल प्रयोग करत बसली होती! सेलूजवळच्या या कॉलेजात प्रयोग करायची पद्धतच नव्हती. आठ वर्षांपूर्वीच्या स्वप्निल नावाच्या मुलाची एक वही होती, दर वर्षी सगळी मुलं तीच उतरवायची. तिच्यात हा वेळ अठ्ठावीस सेकंद होता. स्वप्निलनं तरी तो कुठून उतरवला, देव जाणे.

प्रयोग तसा साधा. कागदावर पेनानं फुली मारायची, तिच्यावर काचेचा फ्लास्क ठेवायचा. फ्लास्कमध्ये हायपोचं द्रावण, त्यात आम्ल ओतायचं. द्रावण दुधासारखं होत जातं आणि खालची फुली दिसेनाशी होते. किती सेकंदांत, तेवढं लिहायचं.

"थंडी आहे ना," मॅडम म्हणाल्या. "तापमान कमी असलं की अभिक्रिया मंदावते. शिकवलं होतं मी."

"थर्मामीटर लावलता मॅडम. वहीत पंचवीस डिग्री, अन् हेबी पंचवीसच." रंजिता थांबायला तयार नव्हती. "तुमीच तं सांगतलं, तीव्रता अर्धी झाली का वेळ दुप्पट लागते. म्हंजे या हायपोच्या बाटलीत अर्धं पाणी हाये. फवारणीचं औषध पातळ असलं तं अळी मरत नाई, आमच्या बाबाले तिथंच समजते. तसंच हाये हे."

कोपऱ्यात परीक्षानळ्या विसळणाऱ्या शिपायाचा, हिरालालचा, हात थांबला.

"माह्याकडं काऊन पाहून राह्यल्या मॅडम? प्राचार्य सरच म्हणे, एक बाटली दोन वर्सं पुरव. नवी आणली तं मी ओतीन ना!"

नवी बाटली कागदावर दर वर्षी येत होती. मॅडमना ते ठाऊक होतं. अकरा वर्षं त्या तासिकेवर शिकवत होत्या आणि दर जूनला त्यांच्या नव्या ऑर्डरवर त्याच प्राचार्यांची सही लागायची. सत्तावन्न सेकंद परीक्षकांसमोर गेले की पुढचा प्रश्न बाटलीचा, आणि मग यंदाच्या जूनमध्ये ऑर्डर नाही. एवढं गणित त्यांना फळ्याशिवाय सुटलं.

जिवाला लागलं ते वेगळंच. हा धडा खरोखर कळलेली, अकरा वर्षांतली ही पहिली मुलगी होती. तिची पाठ थोपटावी, तिला साऱ्या वर्गापुढे उभं करावं, असं त्यांना फार वाटत होतं.

"खोड ते," वही परत देत त्या म्हणाल्या. "अठ्ठावीस लिही."

"काऊन मॅडम? काय चुकलं माह्यं?"

"काही नाही चुकलं!" मॅडमचा आवाज उगाच चढला. "मार्क पाहिजेत ना तुला? मग लिही गुपचूप."

रंजिता त्यांच्याकडे बघत राहिली. मग खाली मान घालून बाकावर बसली. हिरालालनं फ्लास्क उचलला आणि पांढरं पाणी मोरीत ओतलं. मॅडम खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर काही पाहण्यासारखं नव्हतं. त्या वळल्या, तर वही पुढे आलेली. वेळ, आलेख, निष्कर्ष, सगळं स्वप्निलच्या वहीसारखं.

"झालंसुद्धा?"

"न करता लिवलं का लवकर होते, मॅडम."

मॅडमनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि ‘विद्यार्थ्याने प्रयोग स्वतः केला आहे’ या छापील ओळीखाली सही केली. टेबलावरचा कागद तिथंच होता, आणि त्याच्यावरची फुली स्वच्छ दिसत होती.