तेलाचा हात

आमच्या ह्यांना रायफलच्या नेमबाजीचा नाद आणि काडतुसं घरीच पुन्हा भरायची हौस. झाडलेली पितळी पुंगळी फुगते; तेलाचा हात लावून यंत्राच्या साच्यात दाबली, की मापात येते. तेल जास्त झालं तर पोचा पडतो, कमी झालं तर आत रुतून बसते. लग्नापासून तो तेलाचा हात माझाच. पोळ्यांनासुद्धा एरंडेलाचा वास यायचा. रविवारी मुलुंडच्या घरी क्लबातले पाहुणे आले. "सगळं मी एकटाच करतो. हिला यातलं ओ की ठो कळत नाही!" हे म्हणाले. पाहुण्यांबरोबर मीही हसले. मग कोरड्या पुंगळ्यांचं ताट ह्यांच्यापुढे ठेवलं. ह्यांनी न बघता यंत्राचा दांडा ऐटीत ओढला. पुंगळी साच्यात रुतली. विलायती साचा एकच, उद्या स्पर्धा. "अगं, तेल नाही लावलंस?" हे ओरडले. मी म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं?"