रेघ थांबेना

“हीही बाद,” दादा म्हणाला आणि त्याने कटर उचलला.

“अरे, जरा दम धर ना,” धाकटा भाऊ म्हणाला. पण दादा कुणाचं ऐकेल तर शपथ. त्याने केबल मधोमध कचकन कापली आणि दोन्ही तुकडे डब्यात भिरकावले. बाद माल चुकूनसुद्धा चांगल्यात मिसळू नये म्हणून जागच्या जागी कापून टाकायचा, असा त्या वर्कशॉपचा शिरस्ता होता. तो दादानेच घालून दिलेला.

सकाळपासून दोन प्रकारच्या केबली बाद झाल्या होत्या. दवाखान्यातल्या तपासणीच्या एका यंत्राला फिरता हात होता. त्यातून जाणारी, सिग्नल वाहून नेणारी कोॲक्स केबल दिवसभर वाकणार, सुटणार, पुन्हा वाकणार. अशा जागी कोणती केबल चालेल, तेवढं ठरवून द्यायचं होतं. पहिली जाडजूड आणि ताठ होती. दुसरी मऊ. आता तिसरी उरली होती, सगळ्यांत महाग, वाकण्यासाठीच बनवलेली. तिन्हींच्या टोकांना कनेक्टर धाकट्याने स्वतः बसवले होते, आणि उद्या गिऱ्हाईक दारात उभं राहणार होतं.

परीक्षा साधी. केबलची दोन्ही टोकं मीटरला लावायची. दादाने ती मधे धरून हळूच वाकवायची आणि तशीच धरून ठेवायची. धाकट्याने मीटरच्या पडद्यावर डोळे लावून बसायचं. वाकवताना पडद्यावरची रेघ हलतेच, त्यात काही नवल नाही. पण हात थांबला की रेघही थांबली पाहिजे. नाही थांबली तर केबल बाद, मग देव जरी मधे पडला तरी बादच.

“बघ रे नीट. डुलक्या काढू नकोस.”

“तू वाकव तर आधी. भाषण नंतर.”

दादाने तिसरी केबल वाकवली. रेघ सरकली. दादा थांबला. रेघ मात्र बारीक थरथरतच राहिली.

“थांबली?”

“नाही अजून.”

“छे! एवढी महागाची, आणि हिचीही तीच तऱ्हा!”

दादाचा चष्मा नाकावर घसरला होता. तो सावरायला त्याने केबल, होती तशी वाकलेली, बाकावरच्या दोन लाकडी ठोकळ्यांमधे अडकवली. त्याबरोबर रेघ थांबली. चष्मा सावरून त्याने केबल पुन्हा हातात घेतली. रेघ थरथरू लागली.

धाकट्याने पडद्यावरची नजर काढून दादाच्या हाताकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या हाताकडे बघायची वेळच आली नव्हती. उजवा अंगठा. वडिलांचा कंपवातही अंगठ्यापासूनच सुरू झाला होता. शेवटी शेवटी त्यांना घास भरवायचा तो दादाच, याच हाताने. धाकट्याने उगाच खोकून घेतलं.

दादा कटरकडे वळला. धाकट्याने घाईघाईने मीटरचं बटण फिरवून स्केल मोठं केलं. मोठ्या मापात बारीक थरथर कुठली दिसायला? रेघ गुमान आडवी झाली.

“थांबली बघ!” तो म्हणाला. “पास. चल, जेवून घेऊ.”

दादाने येऊन पडदा पाहिला. ज्याने मीटर वाचायला शिकवलं, त्याच्याच डोळ्यांत धूळ फेकायची म्हणजे सोपं का होतं?

“स्केल कुणी बदललं?”

धाकट्याने बटणावरचा हात काढून घेतला.

“मी काय विचारतोय? त्या यंत्रात उद्या आजारी माणूस झोपणार आहे. त्याला खोटी केबल लावून देतोस?”

“केबल खोटी नाही, दादा.”

“मग काय?”

धाकट्याने स्केल पुन्हा बारीक केलं, दादाच्या हातातून केबल घेतली, वाकवली आणि धरून ठेवली. रेघ सरकली आणि थांबली. दादा पडद्याकडे बघत राहिला.

“आण इकडे,” तो म्हणाला. त्याने केबल धरली. रेघ थरथरली. त्याने मूठ आवळली, तशी जास्तच थरथरली.

मग दादाने केबल अलगद खाली ठेवली.

“महिनाभर डाव्या हाताने दाढी करतोय मी,” तो म्हणाला. “म्हटलं, दाढीपुरतंच असेल.”

“आपण डॉक्टरांकडे जाऊ. आजच जाऊ. आता औषधं चांगली निघालीत...”

दादाचं लक्ष नव्हतं. तो डब्यातल्या तुकड्यांकडे बघत होता.

“या दोन्ही चांगल्या होत्या, नाही का रे?”

“असू दे. केबलच ती. पुन्हा बनवू.”

“आणि मागच्या आठवड्यातल्या?”

मागच्या आठवड्यात याच कामाची पहिली खेप सोल्डरिंगवाल्या बाईंनी बनवली होती. तेव्हाही रेघ थांबली नव्हती. जोड कच्चे आहेत म्हणत दादाने सगळी खेप बाईंच्या देखत कापली होती आणि त्यांना घरी बसवलं होतं. “नीट केलं होतं हो मी,” एवढंच बाई म्हणाल्या होत्या.

“फोन लाव त्यांना,” दादा म्हणाला.

“मी सांगतो ना समजावून. तू नको त्रास करून घेऊस.”

“तू फक्त लाव.”

धाकट्याने नंबर लावून दिला. पलीकडे बाईंचा आवाज आला. दादाने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

“बाई, तुमचा जोड हलत नव्हता,” तो म्हणाला. “हात हलत होता. माझा.”