मेजवानी आटपेपर्यंत

"वायानच्या आईचं काही खरं नाही. बालीहून बहिणीचा फोन आहे, आईला त्याचा आवाज ऐकायचाय," जहाजाच्या ऑफिसातला माणूस धापा टाकत सांगत होता.

तेंडोलकरांनी डायनिंग हॉलकडे पाहिलं. नॉर्वेहून आलेल्या, जहाजाच्या मालकांच्या टेबलाशी वायान वाढत होता. तेंडोलकरांच्या हाताखाली देशोदेशीचे वेटर होते, पण पाहुण्यांना खूश करावं ते वायाननंच. आणि तेंडोलकरांची बढती आजच्या दुपारच्या जेवणावर अडली होती.

"थोड्या वेळानं करायला सांगा."

फोन पुन्हा आला. वायान नॅपकिनचं बदक करून मालकांच्या नातीला हसवत होता. तेंडोलकरांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

तिसरा फोन आई गेल्याचा होता. आइस्क्रीम झालं, टाळ्या झाल्या, तेव्हा कुठे त्यांनी वायानला बाजूला घेतलं. "घरून फोन होता. तुझी आई गेली रे."

वायान मटकन खाली बसला. "कधी आला, सर?"

"आत्ताच. तसाच धावत आलो."

वायाननं त्यांचा हात ओढून कपाळाला लावला. "माझे वडील गेले, तेव्हा आधीच्या साहेबांनी बंदर येईपर्यंत सांगितलं नव्हतं. तुम्ही तसे नाही, सर."

खरं सांगून टाकावं असं तेंडोलकरांना वाटलं. तेवढ्यात मालक येऊन त्यांच्या कानाशी काही बोलून गेले.

"रडून घे," वायानच्या पाठीवर थोपटत तेंडोलकर म्हणाले. "फक्त रात्रीच्या जेवणाला तोंड धुऊन ये. मालकांनी तुलाच मागितलंय."