अंशतः खरे आहे

आरोग्यमंत्री स्वतः उठून मागच्या बाकाशी आले, तेव्हा सुगंधाताई वळवींच्या हातात त्यांच्याच खात्याचं छापील उत्तर होतं. तालुक्याच्या दवाखान्यात दोन वर्षं डॉक्टर नाही, हे खरे आहे काय, असं ताई तीन अधिवेशनं विचारत होत्या. उत्तर दर वेळी एकच यायचं: ‘हे अंशतः खरे आहे.’

आज विश्वासदर्शक ठराव होता. काठावरच्या सरकारला एकशे पंचेचाळीस आमदार हवे होते, आणि अपक्ष ताईंना धरलं तरच तेवढे भरत होते.

“महामंडळ तुमचंच, ताई,” मंत्री हळूच म्हणाले.

“ते राहू द्या. आधी उत्तर नीट द्या. इथं माझ्या कानात नाही, तिथं माइकवर.”

मंत्र्यांनी मुख्यमंत्र्यांकडे पाहिलं. मुख्यमंत्र्यांनी मान हलवली. मग चर्चेत उभे राहून, कागद न बघता मंत्री म्हणाले, “त्या दवाखान्यात दोन वर्षं डॉक्टर नाही, हे खरे आहे.” विरोधकांनी बाकं वाजवली. लघुलेखकाने वाक्य टिपून घेतलं.

शिरगणती सुरू झाली. सरकारच्या बाजूचा एकेक जण उभा राहून आपला आकडा सांगत होता. ताईंच्या शेजारचे आमदार “एकशे चव्वेचाळीस” म्हणून खाली बसले. ताई उठल्या नाहीत.

मंत्री लगबगीने पुन्हा मागे आले. “ताई, उत्तर दिलं की.”

“दिलंत, साहेब. डॉक्टर नाही म्हणालात. आता विश्वास कशावर ठेवू?”