फोटोखालची ओळ

"चौथी ओळ?" कंडक्टरने विचारलं.

"ल, म, ग, ट, प." ड्रायव्हरने स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणून दाखवलं.

"शाब्बास! पाचवी?"

"न, र, व, ड, स. उलटी म्हणू?"

कंडक्टर खो-खो हसला. सोमवारी डेपोच्या डॉक्टरांकडे डोळ्यांची तपासणी होती. तक्ता तीन वर्षं तोच, आणि या कंडक्टर पठ्ठ्याने तो गुपचूप उतरवून आणला होता. ड्रायव्हरच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. तपासणीत नापास झाला तर गाडी हातातून जाणार आणि डेपोत बसून टायर मोजावे लागणार. लांबचं जरा धुरकट दिसतं, एवढंच ना? सव्वीस वर्षांचा रस्ता! झोपेतसुद्धा नेली असती त्याने गाडी.

"गप, आली बघ."

ड्रायव्हरची बायको गळ्यात कॅमेरा अडकवून चढली आणि दारालगतच्या पहिल्या सीटवर बसली. मनगटावरचं लाल पट्ट्याचं घड्याळ बघून म्हणाली, "तीन मिनिटं उशीर." घड्याळ त्यानेच घेऊन दिलेलं. भोगा आता!

मुलीने कॅमेरा पाठवल्यापासून तिने प्रवासातले फोटो काढायचा क्लास लावला होता. गृहपाठ असा, की आठवडाभर एकाच रस्त्याचे फोटो काढायचे आणि प्रत्येकाखाली एक ओळ लिहायची.

"म्हातारपणी हे खूळ," तो चारचौघांत म्हणायचा. मनातून मात्र खूश होता. इतक्या वर्षांत ती त्याच्या गाडीत कामाशिवाय कधी बसली नव्हती.

"अहो, ती लांबची पाटी कसली?"

"दवाखान्याची. तुला दिसत नाही?"

"चष्मा घरी राहिला." तिने फोटो काढला, वहीत लिहिलं. "आणि त्या झाडाखाली काय आहे हो?"

"सायकलवाल्याचं दुकान. मला विचार, या रस्त्याचा दगडन्‌दगड ओळखतो मी."

"म्हणून तर तुम्हालाच विचारते."

गुरुवारी पहिली सीट रिकामी होती. पुलाच्या थांब्यावर कोणीच नव्हतं, म्हणून त्याने गाडी तशीच पुढे काढली. मागून कोणीतरी "अहो, थांबा की!" म्हणून ओरडलं. "आधी का नाही सांगत, पुढच्या थांब्यावर उतरा," कंडक्टरने त्याला गप्प केलं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती त्याच्या गणवेशाला इस्त्री करत होती.

"आज कुठे होतीस? सीट धरून ठेवली होती तुझी."

इस्त्री उभी करून ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

"काय गं?"

"काही नाही. पाय दुखत होते, घरीच होते." तिने पुन्हा इस्त्री उचलली. "सोमवारी तपासणी आहे ना?"

"आहे. चुटकीसरशी होईल."

सोमवारी तो खुर्चीत ताठ बसला. डॉक्टर म्हणाले, "समोर बघून चौथी ओळ वाचा."

"ल, म, ग, ट, प."

"पाचवी?"

"न, र, व, ड, स."

"वा. पण आज भिंतीवर कॅलेंडर लावलंय मी."

त्याने डोळे बारीक करून भिंतीकडे बघितलं. डॉक्टरांनी एक पाकीट त्याच्यापुढे सरकवलं. "तुमच्या घरच्यांनी शनिवारी आणून दिलं. जवळचं दिसतं ना? बघा."

पहिला फोटो शाळेच्या नव्याकोऱ्या फाटकाचा होता. रस्ता ओलांडायला मुलं रांगेत उभी होती. खाली बायकोच्या अक्षरात: 'सायकलवाल्याचं दुकान.'

म्हणजे घरचा भेदी! त्याचं डोकं सणकलं. एकेक फोटो त्याने टेबलावर आपटला.

शेवटच्या फोटोत त्याचीच गाडी समोरून येत होती. काचेमागे त्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता, सरळ कॅमेऱ्याकडे बघणारा. फोटोच्या कडेला गाडी थांबवायला वर केलेला एक हात होता आणि मनगटावर लाल पट्ट्याचं घड्याळ.

खाली लिहिलं होतं: 'गुरुवार, पुलाचा थांबा. "आज कुठे होतीस?"'